एकही नट न फिरवता वाढणारी ताकद

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला एक वायर जोडली जाते. लॅपटॉपवरून काही मिनिटांत एक फाइल गाडीत चढते. बॉनेटसुद्धा उघडावं लागत नाही. आणि मग तीच गाडी, तेच पेट्रोल, पण निवळीच्या घाटात पिकअप आधीपेक्षा कितीतरी जोरदार! टर्बो पेट्रोल हॅचबॅक असलेल्या रत्नागिरीच्या कुठल्याही तरुणाला हा प्रकार ऐकून माहीत असतो. याला ‘रीमॅप’ म्हणतात.

प्रश्न असा, की इंजिन तेच असेल तर ही ताकद आली कुठून? आणि ती आधीपासून इंजिनात होती, तर कंपनीने हातची का राखली?

या प्रश्नाचं उत्तर समजलं, की गाडीत काय बदलावं, काय बदलू नये आणि कुठल्या क्रमाने बदलावं हे आपोआप कळतं. कोकणात ते जास्तच नीट समजून घ्यायला हवं, कारण इथली दमट उष्ण हवा, खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस टर्बो गाडीची कसोटी पाहतात.

इंजिनाला भूक हवेची

आपण म्हणतो गाडी पेट्रोलवर चालते. वजनाने पाहिलं तर इंजिन पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त हवा खातं. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ नऊ हजार लिटर हवा! पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे, पंप ते क्षणात करतो. ते जाळण्यापुरती हवा सिलिंडरमध्ये कोंबणं हे खरं अवघड काम.

साधं इंजिन स्वतःच्या पिस्टनने हवा आत ओढतं. १.२ लिटरचं इंजिन एका आवर्तनात फार तर १.२ लिटर हवा घेणार. जास्त ताकद हवी तर इंजिन मोठं करा, हा जुना मार्ग. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्ये दुसऱ्या मार्गाचं पेटंट घेतलं. इंजिन तेवढंच ठेवायचं, पण हवा दाबून आत घालायची, आणि ती दाबायला लागणारी शक्ती वाया जाणाऱ्या धुराकडून वसूल करायची.

चुलीत लाकडं तीच असतात, पण आजी फुंकणीने फुंकर घालते तेव्हा जाळ भडकतो. टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. फरक इतकाच, की इथे फुंकर घालणारा चुलीतून निघालेला धूरच असतो.

टर्बोमध्ये एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू एका पंख्याला फिरवतात, त्याबरोबर दुसराही फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनाकडे ढकलतो. छोट्या गाडीतला टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो. दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून ‘वेस्टगेट’ नावाची झडप असते. ती उघडली की काही धूर पंख्याला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे जातो. टर्बोने वाढवलेल्या या दाबाला ‘बूस्ट’ म्हणतात.

रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरला जाताना टर्बोचा आणखी एक गुण दिसतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. वर हवा विरळ होत जाते, तसं साधं इंजिन थोडं मंदावतं. टर्बो मात्र जास्त वेगाने फिरून ती उणीव भरून काढतो.

दाबलेली हवा तापते

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं, ते हवा दाबल्यामुळे. टर्बोत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडतं. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आहे आणि टर्बोने तिचा दाब दुप्पट केला असं धरू. टर्बोतून बाहेर पडताना ती १२० अंशांच्याही पुढे गेलेली असते.

तापलेली हवा फुगते, म्हणून तेवढ्याच जागेत कमी मावते. शिवाय गरम हवेत पेट्रोल नको तेव्हा पेटण्याचा धोका असतो. यावर उपाय म्हणजे ‘इंटरकूलर’. रेडिएटरसारख्याच जाळीतून ही हवा फिरवून थंड केली जाते. १२५ अंशांची हवा ५० अंशांवर आणली, तर त्याच दाबाला तेवढ्याच जागेत सुमारे २३ टक्के जास्त हवा मावते. घरी गाडीवर काम करणाऱ्याने पहिलं लक्ष द्यावं असा हा भाग, आणि बहुतेक जण याच्याकडेच बघत नाहीत.

आता इथल्या हवेचा विचार करू. मे महिन्यात तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर हवेतली जवळजवळ चार टक्के जागा पाण्याच्या वाफेने व्यापलेली असते. तेवढा प्राणवायू आधीच कमी. आधुनिक गाडीचा संगणक ठरलेली ताकद देण्यासाठी टर्बोला जास्त पळवतो, म्हणजे हवा आणखी तापते. त्यात हातखंबा तिठ्यावर दहा मिनिटं खोळंबा झाला, की इंटरकूलरवरून वाराच जात नाही आणि तो स्वतःच तापून बसतो. पुण्याच्या डिसेंबरमधल्या सकाळी घेतलेला ताकदीचा आकडा रत्नागिरीच्या मे महिन्यातल्या दुपारी मिळत नाही, तो यामुळे.

संगणकातला नकाशा

आजच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल इंजिनाला थेट जोडलेलं नसतं. आपण पाय दाबतो तेव्हा संगणकाकडे फक्त मागणी नोंदवतो. किती बूस्ट द्यायचा, किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी नेमकी कधी टाकायची, हे संगणक त्याच्या स्मृतीत साठवलेल्या तक्त्यांवरून ठरवतो. या तक्त्यांनाच ‘मॅप’ म्हणतात. रीमॅप म्हणजे या तक्त्यांमधले आकडे बदलणं. बूस्टची मर्यादा थोडी वाढवायची, ठिणगी थोडी आधी टाकायची, ताकदीवर घातलेला लगाम सैल करायचा.

इथे ‘नॉकिंग’ समजून घ्यायला हवं. ठिणगी पडली की सिलिंडरमधलं मिश्रण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीत जळत गेलं पाहिजे. पण दाब आणि उष्णता फार वाढली, तर उरलेलं मिश्रण आगीची वाट न पाहता एकदम पेट घेतं. पिस्टनवर हातोडा बसावा तसा धक्का बसतो आणि खडखड ऐकू येते. फार काळ चाललं तर पिस्टन फुटतो. म्हणून इंजिनाच्या अंगावर एक कंपन ओळखणारा सेन्सर असतो. त्याला खडखड जाणवली की संगणक ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण ताकद घटते.

पेट्रोल असं अवेळी पेटण्याला किती विरोध करतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. इथेनॉलचं ऑक्टेन जास्त असतं, म्हणून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल या बाबतीत उपयोगी आहे. मात्र इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि ते ओलावा शोषतं. त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं घटतं, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व सील तपासून घ्यावे लागतात. रीमॅप करताना तो आपण रोज भरतो त्याच पेट्रोलसाठी करून घ्यावा. १०० ऑक्टेनसाठी बनवलेला मॅप टाकला आणि लांजा किंवा संगमेश्वरच्या पंपावर साधंच पेट्रोल मिळालं, तर इंजिन सगळी वाट स्वतःला सावरण्यात घालवणार.

कंपनीने राखून का ठेवलं?

कंपनी एकच इंजिन राजस्थानच्या उन्हात, लडाखच्या थंडीत आणि कोकणच्या दमटपणात विकते. कुणी भेसळीचं पेट्रोल भरेल, कुणी ऑइल बदलायला दोन हजार किलोमीटर उशीर करेल. तरीही वॉरंटी सांभाळायची आणि धुराचे नियम पाळायचे. म्हणून ताकदीचा काही भाग राखीव ठेवला जातो. रीमॅपमधून मिळते ती हीच राखीव ताकद.

कारखाना स्वतः ही राखीव ताकद वापरतो तेव्हा काय करतो, हे पाहण्यासारखं आहे. पुण्याजवळ रांजणगावला बनलेल्या फियाटच्या दोन गाड्या घ्या. लिनिया टी-जेटमध्ये १.४ लिटरचं टर्बो इंजिन होतं, ताकद ११४ अश्वशक्ती, कमाल टॉर्क २०७ न्यूटन-मीटर. २०१५ मध्ये आलेल्या अबार्थ पुंटोत त्याच जातीचं इंजिन होतं. टॉर्क फक्त २१२ झाला, ताकद मात्र १४५ अश्वशक्ती! टॉर्क म्हणजे दांडा फिरवणारा जोर आणि ताकद म्हणजे तो जोर गुणिले फिरण्याचा वेग. अबार्थमध्ये कमाल जोर जवळपास तेवढाच ठेवला, पण तो वरच्या वेगापर्यंत टिकवला. म्हणून ताकद एवढी वाढली. त्याबरोबर चारही चाकांना डिस्क ब्रेक, १६ इंची अलॉय चाकं आणि साध्या पुंटोपेक्षा कडक, बुटकं सस्पेन्शन आलं. कारखान्याने नुसती फाइल बदलली नाही. वाढलेली ताकद झेलायला ब्रेक, चाकं आणि सस्पेन्शनही त्या तोडीचं दिलं.

घरी काम करताना हाच विचार हवा. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली तेव्हा १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटरची होती. तिच्या सात गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची रचना २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी आहे. इंजिनातून २४० काढता येतात म्हणून काढले, तर गिअरबॉक्सकडे राखीव काहीच उरत नाही. आणि आपल्याकडे त्या राखीवातला काही भाग हवामानच खातं. कोकणात रीमॅप करायचाच असेल तर मोजका करावा, ही माझी ठाम शिफारस आहे.

आधी थांबणं, मग पळणं

वेग ८० वरून १०० वर गेला तर तो २५ टक्के वाढला असं वाटतं. पण धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ५६ टक्के. अकराशे किलोची गाडी १०० च्या वेगावरून थांबते तेव्हा ब्रेकमध्ये सुमारे ४२४ किलोज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात साधारण दीड लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. आणि हे एकदाच थांबल्यावर. आंबा घाट उतरताना ब्रेक वळणावळणाला पुन्हा पुन्हा तापतात.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांवर उकळतं. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल स्पंजासारखं मऊ लागतं. गाडी थांबत नाही. म्हणून ताकद वाढवण्याआधी ब्रेक ऑइल बदला, चांगले पॅड घाला. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायची सवय कोकणात मुळीच चुकवू नये.

टायरचंही तसंच. १८५/६० आर १५ या आकड्यांचा अर्थ असा: रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची. याचा एकूण व्यास ६०३ मिलिमीटर भरतो. १९५/५५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ५९५ होतो, फरक सव्वा टक्क्याच्या आसपास. एवढा चालतो. यापेक्षा बराच जास्त फरक पडला तर स्पीडोमीटर आणि एबीएसची गणितं बिघडू लागतात. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर पकड देतात, पण साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे टायरच्या रुंदीपेक्षा त्याच्या खाचांची खोली जास्त महत्त्वाची.

अंगणात काय, गॅरेजात काय

घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा ओबीडी स्कॅनर आणि मोबाइल एवढ्यावर इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, बूस्ट आणि संगणकाने ठिणगी किती मागे घेतली, म्हणजे उशिरा टाकली, हे दिसतं. इंटरकूलरच्या पात्यांत अडकलेला चिखल आणि किडे पाण्याच्या हलक्या धारेने काढा. बूस्टच्या नळ्या आणि क्लिपा तपासा, कारण छोटीशी फट टर्बोला फुकट पळवते. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, इंजिन ऑइल हे सगळं अंगणात होतं. फक्त टॉर्क रेंच वापरा आणि गाडीखाली शिरण्याआधी नुसत्या जॅकवर न विसंबता जॅक स्टँड लावा.

टर्बोच्या दांड्याला ऑइलच्या पातळ थराचाच आधार असतो, आणि पेट्रोल गाडीत त्याला फिरवणारा धूर ९०० अंशांच्या घरात जाऊ शकतो. घाट चढून लगेच इंजिन बंद केलं, तर थांबलेलं ऑइल तिथेच जळून काजळी धरतं. एखादं मिनिट इंजिन सावकाश चालू द्या, मग किल्ली फिरवा. चढावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने पेडल पूर्ण दाबणंही टाळा. छोट्या टर्बो इंजिनात तेव्हा ठिणगीआधीच स्फोट होण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. एक गिअर खाली घ्या.

स्प्रिंग बदलणं घरी करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. एअरबॅग असलेलं स्टिअरिंग काढू नये. रीमॅप चालू असताना बॅटरी उतरली तर संगणक निकामी होऊ शकतो, तेही काम जाणकाराकडेच द्यावं.

देखणेपण, खारा वारा आणि पाऊस

दिसण्यासाठी केलेला प्रत्येक बदल इथे गंजाच्या कसोटीला लागतो. स्पॉयलर बसवायला पत्र्याला भोक पाडलं, की रंगाचं संरक्षण तिथे संपलं. मिऱ्या किंवा भाट्ये किनाऱ्यावरून येणारा खारा वारा त्या कडेतून शिरतो. भोक पाडावंच लागलं तर कडेला प्रायमर आणि रंग लावून ती सील करा. अलॉय चाकावर ओरखडा पडला तर तिथूनही अ‍ॅल्युमिनिअमला पांढरा गंज धरतो. पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला गंजरोधक थर आणि पावसाळ्यानंतर खालून स्वच्छ धुणं, हे कुठल्याही स्टिकरपेक्षा गाडीला जास्त देखणं ठेवतं.

गाडी बुटकी केली की ती रुबाबदार दिसते, पण सस्पेन्शनला दबायला जागा कमी उरते. गावातले गतिरोधक आणि जांभ्याच्या पाखाड्यांशेजारचे खडबडीत रस्ते आठवून निर्णय घ्या.

सगळ्यात धोकादायक बदल म्हणजे थंड हवा मिळावी म्हणून बंपरजवळ खाली नेलेला एअर इनटेक. साचलेल्या पाण्यातून जाताना तो थेट पाणी ओढतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि पाण्यावर आपटून कनेक्टिंग रॉड वाकतो. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरानंतर आपल्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. कंपनीने इनटेक उंचावर ठेवलाय, तो तिथेच राहू द्या.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीत लिहिलेल्या कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. धूर आणि आवाजाचे नियम मोडल्यास दहा हजारांपर्यंत वेगळा दंड आहे. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं आणि कर्कश सायलेन्सर लावणं इथे अडकतं. ते टाळाच, कारण तो धूर शेवटी आपल्याच आळीतली मुलं श्वासात घेतात. रंग बदलायचा तर आधी परिवहन कार्यालयात विचारा आणि नोंद करून घ्या. विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावरून दावा नाकारला जाऊ शकतो.

थोडक्यात

• ताकद हवेतून येते. टर्बो हवा दाबतो, इंटरकूलर ती थंड करतो.
• रीमॅप नवी ताकद निर्माण करत नाही. उष्णता, खराब पेट्रोल आणि झीज यांसाठी ठेवलेली राखीव ताकद वापरतो.
• कोकणात त्या राखीवातला काही भाग हवामानच घेतं, म्हणून वाढ मोजकी हवी.
• क्रम असा ठेवा: आधी देखभाल, मग ब्रेक ऑइल, पॅड आणि टायर, मग हवा थंड ठेवणं, आणि शेवटी कायद्यात आणि विम्यात बसत असेल तरच रीमॅप.
• एअर इनटेक खाली नेऊ नका, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका, पत्र्याला उघडं भोक ठेवू नका.

सुरुवात कुठून करावी?

पैसे खर्च करण्याआधी गाडी वाचायला शिका. स्कॅनर लावा आणि एकदा सकाळी, एकदा भर दुपारी एकाच चढावर इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान टिपून ठेवा. दुपारी ते फार चढत असेल आणि संगणक ठिणगी वारंवार मागे घेत असेल, तर कंपनीने दिलेली ताकदच तुम्हाला पूर्ण मिळत नाहीये. ती परत मिळवण्यासाठी स्वच्छ इंटरकूलर, घट्ट नळ्या, नवे प्लग आणि चांगलं पेट्रोल पुरतं. हा पहिला बदल पूर्ण कायदेशीर आहे, स्वस्त आहे आणि इंजिनाचं आयुष्य वाढवणारा आहे. हे सगळं करून पुन्हा तोच चढ चढा आणि नोंदी ताडून पाहा. पुढे रीमॅप करायचा की नाही, याचं उत्तर जाहिरातीपेक्षा तुमच्या वहीतले ते आकडे जास्त खरेपणाने देतील.